बादलीभर संस्कार

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचला गेल्या वर्षी वीस वर्षं झाली, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला. पहिले दोन दिवस कोणाचे केस गेले आणि कोण अमेरिकेत गेलं हे झालं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी अपेक्षेप्रमाणे होस्टेलच्या पाण्यावर आली. पहाटे साडेचारला रांगेत लावलेल्या बादल्या, त्यांच्यावर ऑइलपेंटने लिहिलेले रूम नंबर, अंगाला साबण लावल्यावर गेलेलं पाणी... सगळे हसले. मीही हसलो. मग एकाने लिहिलं, "त्या दिवसांनीच आपल्याला घडवलं यार!" त्याखाली चाळीस अंगठे.

मला हे 'घडवलं' मान्य नाही. साफ मान्य नाही.

आधी साधा हिशोब करू, इंजिनिअर आहोत शेवटी. (पदवी तरी तशी आहे.) होस्टेलसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं असं आय.एस. ११७२ हे भारतीय मानक सांगतं. आमच्याकडे तीनशे पोरं, म्हणजे ४०,५०० लिटर. उन्हाळ्यात यायचा एक टँकर, दहा हजार लिटरचा. डोक्यामागे ३३ लिटर, म्हणजे दोन बादल्या. त्यातच अंघोळ, कपडे, संडास आणि प्यायचंही. बरं, हा भागाकारही कागदावरचा. टाकी गच्चीवर, त्यामुळे तळमजल्याला दाब जास्त आणि तिसऱ्या मजल्याला सगळ्यात कमी. खालचे नळ एकदम सुटले की आमचा नुसता फुसफुसायचा. तिसरा मजला फर्स्ट इयरला का देतात, हे कळायला मला सेकंड इयर उजाडावं लागलं.

कोणी म्हणेल, मराठवाडा आहे बाबा, दुष्काळ असतो. असतो की. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वॅगनमधून पाच लाख लिटर. तशा वेळी कोणी होस्टेलच्या नावाने बोंब मारणार नाही. पण आमचं पाणी ऑगस्टमध्येही जायचं, बाहेर धो धो पाऊस पडत असताना! टाकी शंभर पोरांच्या हिशोबाची, मोटर एकच, आणि ती जळली की रिवाइंडिंग होऊन येईपर्यंत चार दिवस ठणठणाट. यात दुष्काळाचा काय संबंध?

आता 'घडण्या'बद्दल. माझा रूम पार्टनर बार्शीकडचा. थर्ड इयरला त्याला कावीळ झाली, मजल्यावर आणखी सहा जणांना. रेक्टर सरांचं निदान: पाणीपुरी खाता. आता बघा, पाइपात सतत पाणी असलं तर दाब असतो, गळती असली तरी पाणी बाहेर जातं. दिवसाआड तासभर पाणी सोडलं की बाकी वेळ पाइप रिकामा, आणि त्याच भोकांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. आमच्याकडे नेमकं हेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण पाणी कोणी तपासलंच नाही. पण टंचाई आणि कावीळ या बहुतेक वेळा दोन तक्रारी नसतात, एकच असते. पार्टनर दीड महिना गावी पडून होता. सबमिशन गेलं, टर्म ग्रँट झाली नाही, वायडी लागला. वडील एस.टी.त कंडक्टर, वर्षाची फी आणि मेसचं बिल पुन्हा भरलं त्यांनी.

तो आज ग्रुपवर नाही. पास आमच्या बॅचबरोबर झालाच नाही ना, कोण अ‍ॅड करणार? म्हणजे जे निभावून गेले त्यांनाच विचारायचं की बाबांनो, त्रासाचा फायदा झाला का. असलं सॅम्पल घेऊन कोणी टेस्ट रिपोर्ट आणला तर ऑफिसात आपण त्याला दारात उभं करणार नाही.

आणि मुलींच्या होस्टेलचं तर आम्ही तेव्हा विचारलंही नव्हतं. पाणी गेलं की आम्ही बादली घेऊन वर्कशॉपमागच्या बोअरवर जायचो. त्यांच्या गेटला सातला कुलूप. बॅचमधल्या एकीने परवा ग्रुपवर लिहिलं, की परीक्षेच्या दिवसांत आम्ही मुद्दाम पाणी कमी प्यायचो, संडासात पाणी नसायचं म्हणून. पाळीच्या दिवसांत लेक्चरं बुडायची ती बुडायचीच. ७५ टक्के अटेंडन्सची नोटीस मात्र दोन्ही होस्टेलना सारखी. तिच्या या मेसेजखाली अंगठे किती? तीन. त्यातला एक माझा, आणि तोही उशिरा.

हे सगळं आज आठवायचं कारण, बॅचतर्फे कॉलेजला प्रवेशद्वाराची कमान बांधून द्यायची टूम निघाली आहे. माणशी पाच हजार. मी कळवलंय, पैसे देतो, पण जमिनीखालची मोठी टाकी, दुसरी मोटर आणि दर तीन महिन्यांनी पाण्याची तपासणी यासाठी. एका ज्युनिअरला फोन करून विचारलंय, रांग अजून लागते. फक्त बादल्यांवर आता ऑइलपेंटऐवजी मार्करने नंबर असतात.

ग्रुपवरून उत्तर आलं, "अरे, पण टाकीवर बॅचचं नाव कोण वाचणार?"

पार्टनरचा नंबरही मी अ‍ॅडमिनला पाठवलाय. तो म्हणतो, बघू.