पाच तारे आणि एक दवाखाना

रात्री अकरा वाजता घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत दुखू लागले, की पूर्वी शेजारच्या दाराची कडी वाजत असे. शेजारी ज्या डॉक्टरांचे नाव घेत, त्यांच्याकडे रिक्षा वळत असे. 'त्यांच्या हाताला गुण आहे' एवढे एक वाक्य पुरे होई, आणि ते बोलणाऱ्याचा चेहरा ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असे. आज त्याच घरातील मुलगा मोबाइलवर 'जवळचे रुग्णालय' असे शोधतो. नकाशावर तीन नावे उमटतात. एकापुढे ४.८, दुसऱ्यापुढे ४.१, तिसऱ्यापुढे ३.६. वडिलांना जिन्यावरून खाली आणेपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो. ३.६ चे रुग्णालय कदाचित धर्मादाय न्यासाचे, जुने, रात्रीही हृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध असलेले असेल. ४.८ च्या ठिकाणी त्या वेळी केवळ एक निवासी डॉक्टर असेल. कदाचित नेमके याच्या उलटही असेल. तो आकडा यातले काहीच सांगत नाही.

मग तो मोजतो तरी काय? रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना जे दिसते, त्याविषयीच ते मत देऊ शकतात. स्वागतकक्षातील बोलणे, ताटकळत बसावे लागलेला वेळ, स्वच्छता, गाडी लावण्याची सोय, बिलातील न समजलेल्या ओळी. हे सारे क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्याचे कारण नाही. आजाऱ्याशी कोण कसे बोलले, हा उपचाराचाच एक भाग आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतर किती जणांना जंतुसंसर्ग झाला, अतिदक्षता विभागात रात्री एका परिचारिकेवर किती रुग्णांचा भार असतो, निदान कितीदा चुकले, यांपैकी काहीही नातेवाइकांच्या दृष्टिपथात येत नाही. शिवाय यथासांग बरा होऊन घरी गेलेला रुग्ण सहसा काहीच लिहीत नाही. लिहितो तो अत्यंत कृतज्ञ, नाहीतर अत्यंत संतप्त.

या आकड्याचे गणितही विलक्षण आहे. एखाद्या नव्या दवाखान्याला पाच जणांनी पाच-पाच तारे दिले आणि सहाव्याने रागाने एकच दिला, तर सरासरी पाचवरून थेट ४.३ वर येते. ती पुन्हा ४.८ वर न्यायची, तर पाच तारे देणारे एकूण एकोणीस जण लागतात, म्हणजे आणखी चौदा. ज्या दवाखान्यात महिन्याला एखादाच रुग्ण अभिप्राय लिहितो, त्याला ही एक नाराजी पुसायला वर्षाहून अधिक काळ लागेल. त्याच जागी शेकडो अभिप्राय जमवून बसलेल्या मोठ्या रुग्णालयाला अशा एका ताऱ्याची झळही लागत नाही. घाव लहानावर पडतो. नेमक्या याच क्षणी 'ऑनलाइन प्रतिष्ठा सांभाळून देऊ' असे सांगणारा दूरध्वनी येतो.

अशा कंपन्यांचे सगळेच काम वाईट असते, असे नाही. संकेतस्थळ नीट करणे, वेळापत्रक अद्ययावत ठेवणे, तक्रार आली की ती योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, ही रास्त कामे आहेत आणि त्यांचे पैसे मोजावेत. पण त्याच दरपत्रकाच्या खालच्या ओळीत 'महिना अमुक इतके पंचतारांकित अभिप्राय' असेही लिहिलेले असते. दुसरा एक प्रकार अधिक सभ्य दिसतो. घरी सोडताना रुग्णाच्या हाती टॅबलेट देतात आणि 'समाधानी आहात का?' असे विचारतात. 'होय' म्हटले तर गुगलचे पान उघडते. 'नाही' म्हटले तर तक्रार दवाखान्याच्या आतल्या वहीत जाते आणि तेथेच राहते. खोटे कोणीच लिहिलेले नसते, तरी बाहेर उभे राहणारे चित्र खोटे असते. गुगलच्या स्वतःच्या नियमांनुसार अशी निवडक विचारणा निषिद्ध आहे, आणि अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा भेट देणेही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय लिहिणारी व्यक्ती खरी आहे याची पडताळणी व्हावी, हा त्यातील एक मुख्य भाग आहे. मात्र ते ऐच्छिक स्वरूपात आले.

विकत घेतलेले अभिप्राय ओळखणे फारसे अवघड नसते. वर्षभर शांतता आणि मग एकाच आठवड्यात वीस स्तुतिपर नोंदी. प्रत्येकीत डॉक्टरांचे पूर्ण नाव, शहर आणि 'सर्वोत्तम गुडघेप्रत्यारोपण तज्ज्ञ' हे शब्द. बरा झालेला माणूस असे बोलत नाही. तो 'आईला आता जिना चढता येतो' असे लिहितो. लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवले, तर त्याने त्याच आठवड्यात तीन राज्यांतील उपाहारगृहे, एक फर्निचरचे दुकान आणि दोन दंतवैद्य यांचीही तोंड भरून प्रशंसा केलेली आढळते.

डॉक्टरांसाठी हा प्रश्न केवळ सदभिरुचीचा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न अनैतिक ठरवला आहे. व्यवसाय सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बाहेरगावी आहोत, परत आलो, शुल्क अमुक आहे, अशा मोजक्या गोष्टी वृत्तपत्रात जाहीर करण्याची तेवढी मुभा आहे. नावाची पाटी अवाजवी मोठी नसावी, औषधाच्या दुकानावर ती लावू नये, इतक्या बारकाव्याने ही संहिता लिहिली गेली. पाटीची लांबी-रुंदी मोजणाऱ्या त्या नियमांना, पाटी एक दिवस प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसेल याची कल्पना कोठून असणार? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम आणले. त्यांत समाजमाध्यमांवरील 'लाइक' आणि अनुयायी विकत घेणे, पैसे भरून शोधयादीत आपले नाव वर आणणे, रुग्णांकडून प्रशस्ती मागणे, या साऱ्यांना स्पष्ट मनाई होती. तीनच आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले आणि २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली.

आणखी एक विसंगती आहे. वैद्यक परिषदेचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांवर चालतो, कंपनी म्हणून चालणाऱ्या रुग्णालयावर नाही. त्यामुळे गल्लीतील डॉक्टरने पाटीची मर्यादा पाळायची आणि महामार्गावरील फलकावर साखळी-रुग्णालयाने हसरे शल्यविशारद झळकवायचे, असे दृश्य नित्याचे झाले आहे. अर्थात कंपनीलाही रान मोकळे नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेह, कर्करोग अशा व्याधी बऱ्या करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनाच त्या रोखण्याचे निर्देश दिले. जाहिरात छापणाऱ्याप्रमाणे ती शोधून समोर ठेवणाराही उत्तरदायी आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

या सर्वांहून नाजूक प्रसंग वेगळाच असतो. एखादा मुलगा रात्री दोन वाजता लिहितो : 'येथे माझ्या वडिलांचा जीव गेला. पैसे उकळले. कोणी जाऊ नये.' डॉक्टर सकाळी ते वाचतात. त्यांना ती केस स्वच्छ आठवत असते. रुग्ण फार उशिरा आणला होता, यकृत मद्याने पोखरले होते, बिलाची निम्मी रक्कम अद्याप यायची आहे. अठ्ठेचाळीस तास ज्यांनी झोप घेतली नाही, त्यांच्या हातून उत्तर लिहिले जाते आणि त्यात हे सारे येते. प्रत्येक शब्द खरा असतो. परंतु त्या क्षणी एका मृत माणसाचे व्यसन, त्याचा आजार आणि त्याच्या घरची थकबाकी साऱ्या गावापुढे उघडी पडते. गाव लहान असेल, तर त्या घरातील मुलीच्या सोयरिकीपर्यंत त्याची झळ पोहोचते.

मुलाला आपले दुःख चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आहे; डॉक्टरांना मात्र ते तेथे उलगडण्याचा अधिकार नाही. हा असमतोल अन्यायाचा वाटेल, आणि काही अंशी तो आहेही. तरीही वैद्यकीय गोपनीयतेचा अर्थच असा आहे, की ती रुग्णाच्या वर्तनावर अवलंबून नसते. अमेरिकेत डलास शहरातील एका दंतवैद्यकीय संस्थेने अभिप्रायाला उत्तर देताना रुग्णाचे आडनाव आणि उपचारांचा तपशील उघड केला. २०१९ मध्ये तिला दहा हजार डॉलर भरावे लागले. न्यू जर्सीतील एका मानसोपचार केंद्राला अशाच प्रकरणात २०२३ मध्ये तीस हजार डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २००२ ची संहिता रुग्णाची गुपिते उघड करण्यास मनाई करतेच; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या बंधनाला आणखी आधार दिला आहे.

उत्तर द्यावेच, पण थोडक्यात. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. येथे कोणत्याही उपचाराविषयी जाहीर बोलणे आम्हांला योग्य वाटत नाही. आपण या क्रमांकावर अधीक्षकांशी बोलावे. कागदपत्रे समोर ठेवून प्रत्येक शंकेचे उत्तर दिले जाईल.' इतके पुरे. हे वाचणारे पुढचे शंभर जण कोण बरोबर होते हे ठरवत नाहीत. रागावलेल्या माणसाशी हे लोक कसे वागतात, एवढेच ते पाहतात. मात्र त्या क्रमांकावर खरोखर कोणीतरी दूरध्वनी उचलला पाहिजे. तो उचलला जात नसेल, तर मूळ तक्रारीपेक्षाही हे उत्तर अधिक वाईट.

समाजाच्या न्यासांतर्फे चालणाऱ्या दवाखान्यांनी येथे स्वतःकडेही एकदा पाहावे. त्यांना अभिप्राय विकत घेण्याचा मोह सहसा नसतो. त्यांचा दोष निराळा आहे. मोतीबिंदूच्या विनामूल्य शिबिरानंतर ओळीने बसवलेले वृद्ध, एका डोळ्यावर पट्टी, आणि मागे पुष्पगुच्छ घेऊन उभे असलेले मान्यवर, असे छायाचित्र त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपच्या शंभर गटांत जाते. दात्यांना कामाची पावती मिळावी, हा हेतू शुद्धच असतो. परंतु त्या ओळीतील एखाद्या आजीला कोणी विचारलेले असते का? शुल्क भरून खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या गृहस्थाचे छायाचित्र असे कोणी फिरवले असते, तर त्याने वकील गाठला असता. फुकट उपचार घेणाऱ्याची लाज फुकट नसते. रुग्णाची ओळख पटेल अशी छायाचित्रे त्याच्या संमतीविना प्रसिद्ध करू नयेत, असे संहिताही म्हणते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वी घाईत घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणणे कठीण आहे. रिकाम्या खाटा, स्वच्छ शस्त्रक्रियागृह, लेन्सची निवड करणारे डॉक्टर, यांचीही छायाचित्रे निघू शकतात, आणि दात्याला त्यातून काम अधिक कळते.

संकेतस्थळांचीही तीच कथा. न्यासाचा इतिहास, आजी-माजी विश्वस्तांची छायाचित्रे, कोनशिलेचा समारंभ हे सर्व सापडते. बाह्यरुग्ण विभाग किती वाजता उघडतो, हे मात्र कोठे सापडत नाही. कोणत्या वारी कोणते तज्ज्ञ येतात, तपासणीला किती रुपये पडतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना येथे लागू आहे की नाही, एवढे चार ओळींत मराठीत लिहिले, तर दूरच्या खेड्यातून निघणाऱ्या कुटुंबाची एक फेरी आणि एक दिवसाची मजुरी वाचेल. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार ते बंधनकारक आहे. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधनही शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ च्या सुधारणेने आले. भिंतीवर जे लावावेच लागते, ते पडद्यावर लावायला वेगळा खर्च येत नाही. याहून प्रामाणिक जाहिरात दुसरी कोणती असणार?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. गुगलच्या नकाशावरील दवाखान्याच्या नोंदीची किल्ली कोणाकडे आहे, हे विश्वस्तांनी तपासावे. ती बहुधा केव्हातरी काम करून गेलेल्या कंपनीच्या किंवा नोकरी सोडून गेलेल्या लेखनिकाच्या ईमेलवर असते. मग वेळ बदलली, दूरध्वनी बदलला, तरी नकाशा जुनेच सांगत राहतो. क्वचित चालू दवाखान्यापुढे 'कायमचे बंद' असेही लिहिलेले असते आणि ते पुसण्याचा अधिकार कोणापाशीच नसतो. ही नोंद न्यासाच्या स्वतःच्या ईमेलवर असावी आणि तिची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे असावी.

अभिप्राय लिहिणाऱ्या वाचकांचीही यात बाजू आहे. चांगला अनुभव आला असेल, तर तो न मागता लिहावा. न लिहिणाऱ्या समाधानी रुग्णांमुळेच तो आकडा खोटा होतो. वाईट आला असेल, तर तारीख, विभाग आणि प्रत्यक्ष घडलेले तेवढे लिहावे. 'सकाळी नऊची वेळ दिली, डॉक्टर साडेअकराला आले, कोणी कारण सांगितले नाही' हे वाक्य 'भिकार दवाखाना' या दोन शब्दांपेक्षा पुढच्या रुग्णाच्या अधिक उपयोगी पडते, आणि दवाखान्यालाही त्यातून काय सुधारायचे ते कळते. उपचारात हलगर्जी झाल्याचा संशय असेल, तर त्याची जागा ताऱ्यांत नाही. उपचारांची कागदपत्रे लेखी मागावीत. २००२ च्या संहितेनुसार ती मागणी आल्यापासून ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. ती हाती आल्यावर राज्य वैद्यक परिषद किंवा ग्राहक आयोगाचे दार ठोठावता येते. रात्री अकराच्या त्या प्रसंगासाठी मात्र घरापासून जवळच्या दोन रुग्णालयांत रात्री हृदयरोगतज्ज्ञ असतात का, हे एखाद्या निवांत दुपारी प्रत्यक्ष जाऊन विचारावे आणि तो दूरध्वनी क्रमांक स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.