दुपारचा पीस, रात्रीचा पीस

ठिबकच्या जोडण्या परत आल्याच्या तक्रारी यंदा सोलापूरच्या चिंचोळी आणि अक्कलकोट रोड, दोन्ही एमआयडीसींतून आल्या आहेत. कारण सगळीकडे एकच: माप कमी भरले. त्यावर अधिकाऱ्यांचा उपाय काय, तर दाण्याचे प्रमाणपत्र पुन्हा जोडा! पॉलिप्रॉपिलीनवरचा गुणवत्ता नियंत्रण आदेश केंद्राने नोव्हेंबर 2025मध्ये मागे घेतला. फॉर्मवरचा रकाना मात्र जागचा हललेला नाही. एमएफआय विचारतात, घनता विचारतात. मोल्डचे पाणी किती अंशांवर होते, होल्डिंग किती सेकंद दिले, पीस पडल्यावर किती तासांनी मोजला, हे कुणी विचारतच नाही.

दाणा एकाच पोत्यातला, मोल्ड तोच, तरी दुपारच्या शिफ्टचा पीस रात्रीच्यापेक्षा आखूड निघतो. मे महिन्यात पारा 42च्या वर गेला की आपल्या कूलिंग टॉवरचे पाणी कोमटच राहते. मोल्ड तापतो, मेल्ट सावकाश थिजते, स्फेरुलाइट (स्फटिकांचे गोल पुंजके) मोठे होतात, स्फटिकता वाढते आणि पीस आक्रसतो. शिवाय पॉलिप्रॉपिलीन मोल्डबाहेर आल्यावरही दिवस-दोन दिवस आक्रसत राहते. तपासनीस मात्र गरम पीसलाच कॅलिपर लावतात. कारखान्यात पास, गोदामात नापास, आणि भुर्दंड आपल्या माथी!

पण आपली मंडळी तरी काय करतात? गेजवरचे 80 बार हा तेलाचा दाब. स्क्रूपुढे तो साधारण दहापट होतो, गेटपलीकडे किती उरतो ते कोणी मोजत नाही. दाबाने थिजण्याचे तापमानच चढते. पॉलिएथिलीनचा वितळबिंदू हजार बारमागे वीस-पंचवीस अंशांनी वर सरकतो. गेट गोठण्याआधी होल्डिंग सोडले, तर स्फटिक होताना घटलेले आकारमान भरून काढायला मेल्ट आणायचे कुठून? सायकलचे दोन सेकंद वाचवणाऱ्या मालकांनी परत आलेली पोती एकदा मोजावीत.

आणि ‘स्फटिकता जास्त तो माल पक्का’ हे पालुपद आता पुरे. वुंडरलिख आणि अराकावा यांनी 1964मध्ये पॉलिएथिलीन सुमारे 5000 बार दाबाखाली थिजवले. साखळ्या घड्या न घालता ताठ बसल्या, स्फटिकता जवळजवळ पूर्ण झाली, आणि तुकडा निघाला खडूसारखा ठिसूळ.

तेव्हा कामाला लागा. दोन्ही शिफ्टचे पीस 48 तास ठेवून मोजा, शेजारी मोल्डच्या पाण्याचे तापमान लिहा. गेटजवळचा 20 मायक्रॉनचा पातळ काप घ्या आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात जा. दगड तपासायच्या ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली स्फेरुलाइटचे काळे क्रॉस स्वच्छ दिसतात. नोंदी आमच्याकडे पाठवा. दहा-बारा कारखान्यांचे आकडे जमले, की तो रकाना बदलून घ्यायला आपण सगळे मिळून जाऊ. नुसत्या तक्रारींची पत्रे यापुढे छापणार नाही.