खोक्याची किंमत

आपल्या लष्करातले जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत, आणि वाडा उतरण्यापूर्वी त्याचा माळा रिकामा होतो. तांब्यापितळेची भांडी, झुंबरे, तसबिरी यांना गिऱ्हाईक आहे हे आता सर्वांस ठाऊक झाले आहे. पण एखाद्या ट्रंकेतून विलायती खेळण्यातली आगगाडी निघाली, तर घरची मंडळी इंजिन पुसून कपाटात मांडतात आणि ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ते होते ते रद्दीत टाकतात. ही रीत चुकीची आहे असे माझे मत आहे. मात्र बाजार ज्या कारणासाठी तिला चूक म्हणतो, ते कारण मला पुरेसे वाटत नाही.

बाजाराचे म्हणणे आधी पाहू. अशा गाड्यांचे संग्राहक इंग्लंडात पुष्कळ. त्यांच्यात मूळ खोक्यासह असलेल्या गाडीला सुट्या गाडीहून बराच अधिक दाम येतो. कधी तो दुपटीच्याही घरात जातो. नुसती रिकामी खोकीसुद्धा तेथे विकली जातात. ऐकणाऱ्याला हे वेड वाटेल, परंतु त्यामागे हिशेब आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२० साली खेळण्यातल्या आगगाड्या काढल्या आणि १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ ही लहान मापाची गाडी आणली. गाडी पत्र्याची आणि ओतीव धातूची, मुलांच्या हाती टिकणारी. खोके मात्र पुठ्ठ्याचे, नाताळच्या सकाळीच फाटणारे. त्यात दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घरोघरची रद्दी कारखान्यांसाठी गोळा होऊ लागली. पुढे १९६४ मध्ये ही कंपनी दुसऱ्या खेळणी-कंपनीच्या ताब्यात गेली आणि १९७९ मध्ये बिन्स रोडवरचा तो कारखानाच बंद पडला. तेव्हा गाड्या उरल्या पुष्कळ, खोकी उरली थोडी. जे थोडे ते महाग, हा व्यापाराचा साधा नियम झाला.

पण विरळपणा म्हणजे मोल नव्हे. खोक्याचे खरे मोल त्याच्या साक्षीत आहे. हॉर्नबी डब्लोचे टाकीचे छोटे इंजिन एकाच साच्यातून निघे, परंतु ते इंग्लंडच्या चार निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांच्या रंगांत विकले जाई. यांतला एखादा रंग विरळ असला, की साधे इंजिन रंगवून तो विरळ रंग म्हणून खपवण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९५७ साली मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढली. ती तेव्हा फारशी खपली नाही, म्हणून आज विरळ आहे. आणि तिच्याही रंगवलेल्या नकला निघाल्या. अशा वेळी खोक्याच्या टोकावरची चिठ्ठी, तिच्यावरचा क्रमांक आणि दुकानदाराने लिहिलेली किंमत आतल्या मालाशी ताडून पाहता येते.

आपल्या जयविलास महालातली चांदीची आगगाडी सर्वांनी पाहिली आहे. जेवणाच्या लांबलचक मेजावरून मद्याच्या सुरया घेऊन ती पाहुण्यांपुढे फिरे. तिला खोक्याची गरज नाही. ती कोणाची आणि कशासाठी केली हे सांगायला सबंध राजवाडा उभा आहे. कारकुनाच्या, मास्तराच्या, दरबारी गवयाच्या घरात आलेल्या गाडीमागे असा राजवाडा कोठून असणार? तिचा दप्तरखाना म्हणजे तो पुठ्ठाच.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी अशीच एक गाडी निघाली. खोक्याच्या झाकणावर तिच्या आजोबांनी लहानपणी शिसपेन्सिलीने आपले नाव घातले होते, आणि आतल्या बाजूला मुंबईच्या दुकानाची चिठ्ठी होती. पाहायला आलेल्या व्यापाऱ्याने सांगितले, नाव खोडरबराने पुसा, चार पैसे अधिक येतील. घरच्यांनी माझे मत विचारले. मी म्हटले, पुसू नका. ही गाडी लिव्हरपूलहून लष्करात आली, याचा दुसरा पुरावा तुमच्यापाशी काय आहे? चार पैसे कमी येऊ देत. त्या घरात दोन भावांचे यावरून अजून पटलेले नाही, आणि पैशाची निकड ज्याला आहे त्याला मी दोषही देत नाही. पण पुसलेले अक्षर परत येणार नाही.

कधीच न उघडलेल्या खोक्याला सर्वांत अधिक भाव द्यावा, हेही मला पटत नाही. माझे वडील दरबारच्या अखेरच्या वर्षांत तरुणपणी चाकरीला होते. तंबोऱ्याची गवसणी ते स्वतः उसवून शिवत, जपत. पण गवसणी घालायची ती तंबोरा उद्या पुन्हा वाजावा म्हणून, हे ते जाणत. नुसत्या झाकून ठेवण्याने वस्तू टिकतेच असेही नाही. युद्धापूर्वीच्या काही गाड्यांतल्या जस्तमिश्रित धातूत शिशाची भेसळ राहिली. तो धातू फुगतो, तडकतो आणि हात न लावताही भुगा होतो. खोके कोरे करकरीत आणि आत चुरा, असे मग पाहावे लागते.

सर्वांत वाईट म्हणजे जोडकाम. एका घरचे खोके, दुसऱ्या घरचे इंजिन, आणि दोन्ही ‘मूळचीच’ म्हणून विकायची. हल्ली जुन्या नमुन्याची नवी खोकीही छापून मिळतात. तसे छापायला हरकत नाही. त्यावर ‘नवे’ असा शिक्का मात्र हवा. घराण्याचे नाव लावले म्हणून गाणे त्या घराण्याचे होत नाही, हे या शहरात तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये.

म्हणून माळा काढताना खोके टाकू नये, आणि दुसऱ्या खोक्यातला माल त्यात भरू नये. ओल आणि कसर यांपासून ते दूर ठेवावे, उन्हात वाळवू नये, फाटले असल्यास चिकटपट्टी लावू नये. आणि घरातले कोणी वडीलधारे हयात असेल, तर गाडी कोणी आणली, कोणत्या साली आणली, कोणासाठी आणली, हे एका कागदावर लिहून तो कागद खोक्यातच ठेवावा. विकायचे की ठेवायचे ते मागाहून ठरवता येईल.