पाय चेपण्याआधी

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले किंवा अर्धांगवायूचा झटका आलेले माणूस घरी आले, की घरची मंडळी दोन गोष्टी हमखास करतात. 'आता अजिबात हलायचे नाही' असे बजावतात आणि पायांना तेल लावून चेपून देतात. दोन्हींमागे माया असते. पण दोन्ही अंगाशी येऊ शकतात.

पोटरीचे स्नायू आकसले, की शिरांतले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. दिवसचे दिवस पाय हललाच नाही, तर खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा हाताला गरम लागली, तर तो पाय चोळू नये, चेपू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एरवी, डॉक्टरांची मनाई नसेल तर, रुग्ण जागा असताना तासातासाने दहा-दहा वेळा पावले घोट्यातून वर-खाली करायला लावावीत. कंटाळवाणे काम खरे, पण फुकटचे औषध आहे. 'झोपून राहणे धोक्याचे' हे ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच लिहिले होते. आपल्या घरांत ते अजून पुरते पोहोचलेले नाही.

स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. हवेची गादी आणली म्हणून यातून सुटका नाही. खुब्याची शस्त्रक्रिया असेल, तर कोणत्या कुशीवर वळवायचे हे आधी विचारून घ्यावे. वर सरकवताना ओढू नये, कातडी सोलवटते. अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी ती दोन्हीकडून उचलावी. पोटरीखाली उशी अशी ठेवावी, की टाचा अधांतरी राहतील. माकडहाड, खुबा, टाचा रोज पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे गरम किंवा कडक लागणारी जागा चाचपावी. तीही चोळू नये, तिच्यावरचा भार काढावा.

उभे करायची घाई मात्र नको. आधी कुशीवर वळवून, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला काही मिनिटे बसवावे. झोपलेले माणूस झटकन उठले, की रक्तदाब उतरून घेरी येते. पायावर किती भार द्यायचा, ते डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. पायात सपाता नकोत, मागे पट्टा असलेली न घसरणारी चप्पल हवी. अर्धांगवायूच्या रुग्णासाठी खुर्ची त्याच्या धडक्या बाजूला ठेवावी. ती चाकांची असेल तर ब्रेक आधी लावावा. त्याचा लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढू नये, खांदा निखळू शकतो. कमरेभोवती रुंद, मजबूत पट्टा बांधून तोच धरावा, आणि उचलणाऱ्याने पाठ न वाकवता गुडघे वाकवावेत.