विश्लेषण : छतावरच्या सौरऊर्जेवर बिटकॉइन ‘मायनिंग’ परवडते का?

ऊन फुकट, म्हणून वीज फुकट आणि म्हणून त्या विजेवर मिळणारे बिटकॉइनही फुकट, असा हिशेब अनेक तरुण मांडतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्याने हा विचार आता मध्यमवर्गीय घरांच्या गच्चीपर्यंत पोहोचला आहे. मात्र या हिशेबात पहिलीच पायरी चुकते. छतावरची वीज फुकट नसते. ती घराच्या बिलातून वजा होणारी वीज असते.

मायनिंगमध्ये नेमके काय होते?

बिटकॉइनच्या व्यवहारांचा नवा ‘ब्लॉक’ साधारण दर १० मिनिटांनी नोंदवला जातो. तो नोंदवण्याचा मान मिळावा म्हणून जगभरातील यंत्रे ठरावीक अटीत बसणारा आकडा अंदाजाने शोधत राहतात. ज्याला तो आधी सापडतो, त्याला बक्षीस मिळते. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवे बिटकॉइन. यंत्रे वाढली की कोडे आपोआप अवघड होते. त्यामुळे नाणी वाढत नाहीत, वाटेकरी तेवढे वाढतात.

घरचा संगणक चालेल का?

नाही. बिटकॉइनसाठी ‘एसिक’ प्रकारची खास यंत्रे लागतात. ग्राफिक्स कार्डावर इथेरियम मिळवण्याचा मार्गही सप्टेंबर २०२२ मध्ये त्या नेटवर्कने पद्धत बदलल्यावर बंद झाला.

एका युनिटमागे किती पैसे मिळतात?

जुन्या यंत्रांपैकी ‘अँटमायनर एस १९ प्रो’ हे ११० टेराहॅशचे यंत्र ३,२५० वॉट वीज घेते, म्हणजे दिवसाला ७८ युनिट. जगभरातील यंत्रांची एकत्रित ताकद १०० कोटी टेराहॅश आणि बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला, तर या यंत्राची दिवसाची कमाई ३९६ रुपये होते. एका युनिटमागे साधारण ५ रुपये. नव्या ‘एस २१’ यंत्रावर (२०० टेराहॅश, ३,५०० वॉट) हाच आकडा साडेआठ रुपयांच्या आसपास जातो.

आता गच्चीकडे पाहू. ३ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी १२ युनिट वीज देतो. त्यावर ‘एस १९ प्रो’ चार तासही चालत नाही. कमाई सुमारे ६१ रुपये. हीच १२ युनिट नेट मीटरिंगमधून बिलात वळवली आणि दर युनिटला १० रुपये धरला, तर १२० रुपये वाचतात. शिवाय वाचलेल्या पैशावर कर लागत नाही.

कराचे काय?

भारतात मायनिंगवर बंदी घालणारा कायदा नाही, पण आभासी मालमत्ता विकून झालेल्या उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. त्यावर उपकर वेगळा. मायनिंगसाठीच्या पायाभूत सुविधांचा खर्च खरेदी किंमत म्हणून वजा करता येणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले. दुसऱ्या व्यवहारातला तोटाही यात वळता करता येत नाही. कर भरल्यावर जुन्या यंत्राचे ५ रुपये साडेतीन होतात, नव्याचे साडेआठ सहाच्या आत येतात. यात यंत्राची किंमत अजून धरलेलीच नाही.

वीज उरतच असेल तर?

हा मुद्दा रास्त आहे. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटला वीज कंपनी घरगुती दरापेक्षा बराच कमी भाव देते. अशी शिल्लक मायनिंगला वापरली तर कागदावर फायदा दिसतो. पण दिवसात जेमतेम चार तास चालणाऱ्या यंत्राची किंमत वसूल होण्याआधी ते कालबाह्य होण्याचीच शक्यता अधिक. त्यात २०२८ च्या सुमारास बक्षीस पुन्हा निम्मे होईल. हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार ठरतो.

तांत्रिक अडचणीही आहेत. नेहमीचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर वीज गेली की सुरक्षेसाठी बंद पडतो, त्यामुळे भर उन्हातही यंत्र थांबते. रात्रभर ते चालवायचे तर बॅटऱ्यांचा खर्च वाढतो. यंत्राचा आवाज सुमारे ७५ डेसिबल असतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. उष्णता एखाद्या मोठ्या हीटरइतकी. फ्लॅटमध्ये हे शेजारी सहन करणार नाहीत.

मग शिकण्यासाठी काय करावे?

‘बिटॲक्स’सारखे छोटे यंत्र १८ वॉटच्या आसपास वीज घेते आणि सुमारे १.२ टेराहॅश ताकद देते. दीड-दोनशे वॉटचे पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टरची एक बॅटरी यावर ते दिवसरात्र चालू शकते. वरच्याच भावाने पूलमधून दिवसाला चार-साडेचार रुपये मिळतील. एकट्याने पूर्ण ब्लॉक मिळण्याची शक्यता वर्षाला सुमारे १६ हजारांत एक. विद्युतभार, बॅटरी आणि ब्लॉकचेन हाताळून शिकायला हा छंद उत्तम आहे. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये.

यंत्रांची ताकद आणि बिटकॉइनचा भाव रोज बदलतो, त्यामुळे वरचे आकडेही बदलतील. कसोटी मात्र बदलणार नाही. ‘सोलर मायनिंग’चे पॅकेज घेऊन कोणी दारात आले, तर त्याला एकच विचारावे : कर भरून एका युनिटमागे हातात किती रुपये पडतील? उत्तर आपल्या वीजबिलातील दरापेक्षा कमी असेल, तर छतावरचे पॅनेल आधीच त्याहून चांगली कमाई करत आहे.