उद्योगाची ओढ कार्यशाळेत लागते

विद्यापीठातल्या मुलांना स्वतःचा उद्योग का काढावासा वाटत नाही, या प्रश्नाची आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरं आहेत: घरचे नोकरीचा आग्रह धरतात, भांडवल मिळत नाही आणि मराठी माणसाला धंदा जमत नाही. यातलं तिसरं उत्तर इतिहासाकडे पाठ फिरवल्याशिवाय देताच येत नाही.

मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांत्रिक आरेखन शिकवत. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून त्यांना चित्रकला सोडावी लागली होती. शिकवण्याचे तास संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रांवर हात बसवत. पुढे बढतीत डावलले गेले तेव्हा नोकरी सोडून बेळगावला जाण्याचं बळ त्यांना आलं, ते या सरावातूनच, असं मला ठामपणे वाटतं. पुढे त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला, तर लोखंडानं जमीन नासते या समजुतीनं शेतकरी तो घेईनात. गिऱ्हाइकाचा नकार पचवून माल सुधारत राहायचं, हे शिक्षण त्यांना बाजारानं दिलं.

याच काळात अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभारत होते. लोकमान्य टिळकांनी त्या कामाला पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. कारखाना आणि शाळा एकाच छपराखाली, हे त्याचं खरं मोठेपण. भट्टीसमोर शिकून तयार झालेली माणसं पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत पोचली.

भाऊराव पाटलांचं नाव आपण शिक्षणाशी जोडतो. पण रयत शिक्षण संस्था काढण्याआधी ते ओगले काचकारखान्याच्या मालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून फिरले होते. 1919 मध्ये त्यांनी संस्था काढली, तेव्हा श्रम आणि शिक्षण यांची फारकत त्यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. 'कमवा आणि शिका' ही कल्पना तिथून आली. आज अनेक महाविद्यालयांत हीच योजना कार्यालयातल्या फायली, ग्रंथालय आणि बागकाम एवढ्यावर येऊन थांबली आहे. गरजू मुलाला त्यातून चार पैसे मिळतात, त्यांचं मोल आहेच. पण एखादी वस्तू बनवून विकण्याचा अनुभव त्यात कुठे आहे?

तो अनुभव देता येतो, हे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी दाखवलं. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया शिकतात आणि शिकता शिकताच गावातली खरी कामं घेतात. बिघडलं तर ज्याचं काम आहे तो माणूस दारात उभा राहतो. त्या जबाबदारीतून 'हे मी स्वतः चालवू शकेन' हा विश्वास येतो. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी ड्रोन बनवता बनवता 2007 मध्ये आयडियाफोर्ज कंपनी काढली, तीही याच वाटेनं. पाबळ आणि पवई यांच्यात साधनांचं अंतर प्रचंड आहे, शिकण्याची रीत मात्र एकच.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणला, हे स्वागतार्ह आहे. मात्र तो प्रमाणपत्र आणून श्रेयांक भरण्यापुरता उरला, तर उद्योगाच्या कल्पनांच्या स्पर्धा भरवून काहीही साधणार नाही. स्पर्धेत मुलं सादरीकरण शिकतात. उद्योगाची ओढ लागायला हाताला काम आणि समोर गिऱ्हाईक लागतं. म्हणून विद्यापीठांनी आपल्या कार्यशाळा संध्याकाळीही उघड्या ठेवाव्यात, कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही तिथे प्रवेश द्यावा, कुशल कारागिराला शिक्षकाचा मान आणि मोबदला द्यावा, आणि मुलांनी बनवलेल्या मालाची पहिली खरेदी विद्यापीठानं स्वतः करावी. बाकं, दिवे, प्रयोगशाळेची साधी उपकरणं यांच्या निविदा दरवर्षी निघतातच; त्यातला एक हिस्सा आपल्याच विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायला सुरुवात याच वर्षी व्हावी.