गावची शाळा, गावाने बघावी : पालकांना जाहीर आवाहन

गावकरी बंधू-भगिनींनो,

सकाळी फाट्यावर पिवळी गाडी येते आणि आपल्या गावातली पोरं दाटीवाटीने बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. पोराला कुठं घालायचं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यावर आमचं काही म्हणणं नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेची पायरीही न चढता ‘तिथं काय ठेवलंय?’ असं पारावर बोललं जातं, त्याला उत्तर देणं भाग आहे.

पहिलीत येणाऱ्या मुलांपासून सुरुवात करू. त्यांच्यासाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान 2022 पासून राज्यभर चालतं. एक मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. मेळाव्यात मूल उड्या मारतं, रंग भरतं, वस्तू लहान-मोठ्या क्रमाने लावतं, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगतं. कुठं जमलं, कुठं अडलं, हे त्याच्या विकास पत्रावर लिहिलं जातं. मग खरं काम माता गटाचं. चार-पाच आयांनी एकत्र बसायचं आणि कार्डावर दिलेला खेळ घरी मुलाकडून करून घ्यायचा. साहित्य म्हणजे घरातल्या वाट्या, शेंगा, कांदे-बटाटे. शेंगा निवडता निवडता दहापर्यंत मोजणी होते, म्हणून ज्या आईला वाचता येत नाही तिनेही मागे राहू नये. वडिलांनी आलं तरी चालतं, कुणी हाकलत नाही.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं यावीत, हे ‘निपुण भारत’चं उद्दिष्ट 2026-27 पर्यंत गाठायचं आहे. ते आपल्या घरात गाठलं गेलं का, हे बघायला अधिकारी लागत नाही. पोराला पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगा आणि काय कळलं ते विचारा. अडखळलं तर शाळेत जाऊन मॅडमना विचारा. भांडायचं कारण नाही, पण विचारल्याशिवाय राहू नका.

दुपारच्या जेवणाला गावात सगळेच ‘खिचडी’ म्हणून नाक मुरडतात. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. ती मिळतात का? शाळेत चव नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून त्यात सही करायची. आपल्याकडच्या वहीत शिक्षकांच्या सह्या पानोपानी आहेत, पालकांच्या शोधाव्या लागतात. वरण पातळ असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी दुपारी यावं, चाखावं आणि तसंच लिहून सही करावी.

वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक मुलांना तपासायला येतं. त्या दिवशी पोराला रानात नेऊ नका. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागे पडलेलं मूल ‘ढ’ ठरतं, आणि त्याला हवा असतो फक्त चष्मा. पाचवीतल्या मुलांच्या पालकांनी नवोदयच्या परीक्षेचा अर्ज वेळेत भरावा. सहावी ते बारावी राहून शिक्षण, आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना वेगळं सांगायचं आहे. कोयता घेऊन निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल आणि आजी-आजोबांपाशी मूल राहत असेल तर त्याला इथंच ठेवा. सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. मूल फडात वाढे गोळा करत राहिलं तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत शिकलेलं सगळं पुसलं जातं, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

शाळेत उणं आहे, हे आम्ही लपवत नाही. कुंपणाची भिंत एका बाजूने पडलेली आहे, स्वच्छतागृहात पाणी टिकत नाही. पण पट घसरला की शिक्षकही कमी होतात. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यापुढे तिसरा, असं प्रमाण आहे. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे, वर ऑनलाइन माहित्या भरायच्या, मग शिकवायचं कधी? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने 2025 मध्ये जगभरातल्या लोकांच्या मतांवर पुरस्कार मिळवला. त्या शाळाही जिल्हा परिषदेच्याच.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आमच्या बैठकांना मात्र कोरम भरता भरता नाकी नऊ येतात. पुढच्या बैठकीला या, भिंतीचा आणि पाण्याचा विषय आपण सगळे मिळून लावून धरू.

सहा वर्षांच्या मुलाचं नाव या जूनमध्ये गावच्या शाळेत घाला. जन्मदाखला हाताशी नसला तरी या, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायला कायद्याने मनाई आहे.

आपले,
शाळा व्यवस्थापन समितीतले पालक सदस्य